नावापुढचं कुंकू

“कुंकू जरा मोठं कर,” बापूकाका माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये डोकावत म्हणाले. “मागं सगळी म्हातारी मंडळी बसणार आहेत. त्यांना दिसलं पाहिजे.”

मी केलं. हेदुळकरांच्या सवाष्ण सुनांच्या नावापुढचे लाल ठिपके एका झटक्यात टपोरे झाले. बापूकाका हरखले. “एवढ्या सगळ्यांचं एकदम झालं? कमाल आहे पोरी तुझी!”

“कमाल कसली काका, एक आकडा बदलला,” मी म्हटलं. पण मनातून फुगलेच होते.

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयात आमचं कुलसंमेलन होतं. मी तेव्हा तिथेच एका कंपनीत वेबसाइटी करायचे. कंपनी म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर मांडलेली चार टेबलं, पण घराण्यात ‘केतू कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढं पुरे होतं. बाबांचे चुलतभाऊ बापूकाका संमेलनाचे अध्यक्ष. छापील कुलवृत्तांत जुना झाला, आता वंशवृक्षाची वेबसाइट करायची असं त्यांनी मनावर घेतलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं.

वेबसाइट राहिली बाजूला, समितीच्या बैठका नावापुढे काय लावायचं यावरच संपायच्या. याला श्रीयुत हवं, त्याला चिरंजीव नको, कुणाचं सौ. राहिलं म्हणून वर्षभराचा अबोला. शेवटी बापूकाकांनीच तोडगा काढला. अक्षरं नकोतच, खुणा करू. गेलेल्या माणसाच्या फोटोला हार, सवाष्णीच्या नावापुढे कुंकू. हे मात्र सगळ्यांना पटलं. पटणारच, कारण घरात जे चालतं तेच पडद्यावर येणार होतं.

मला तर मजाच वाटली. आमच्या कामात प्रत्येक माणसाला चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात. आम्ही त्यांना क्लास म्हणतो. पुरुष, पत्नी, कन्या, दिवंगत, अशा. मग रंगरूपाच्या फायलीत नियम लिहायचे. काही नियम एकाच चिठ्ठीचे, काही चिठ्ठ्या एकमेकींना जोडून केलेले. ‘दिवंगत’ असेल तर फोटो करडा. ‘दिवंगत’ माणसाच्या आतली चौकट असेल तर तिला हार. आणि ‘पुरुष’ व ‘दिवंगत’ या दोन्ही चिठ्ठ्या एकाच माणसाला असतील, तर त्याला लागून असलेल्या ‘पत्नी’च्या नावापुढचं कुंकू काढून टाक. तो शेवटचा नियम पहिल्या झटक्यात बरोबर चालला तेव्हा मी स्वतःवरच खूश होऊन खाली जाऊन वडापाव खाल्ला होता.

“आणखी एक,” बापूकाका घसा खाकरत म्हणाले. आवाज उगीचच खाली आणला. “आपल्या मुकुंदाचा फोटो. तो असा रंगीत बरा दिसत नाही. इतरांच्यासारखा करडा करतेस?”

मुकुंदकाका म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ. मी शाळेत होते तेव्हा ते एका सकाळी दाढीचं सामान आणतो म्हणून स्कूटरवरून गेले आणि परत आलेच नाहीत. स्कूटर मिरजेच्या स्टेशनवर सापडली, कुलूप लावलेली. डोक्याला जरा त्रास होता त्यांच्या, असं मोठी माणसं दबक्या आवाजात बोलायची. वंशवृक्षात ‘बेपत्ता’ ही चिठ्ठी मी त्यांच्या एकट्यासाठी केली होती. तिला काहीच नियम नव्हता. फोटो रंगीत, आणि शेजारी नलूकाकूंच्या नावापुढे कुंकू.

“करडा करू? पण मग लोकांना वाटेल...”

“फक्त फोटो गं. बाकी कशाला हात लावू नकोस,” ते म्हणाले आणि टोपी सारखी करत पाहुण्यांकडे गेले.

एवढ्यात माइकवाला आरडाओरडा करायला लागला, कुणीतरी उपिटाची डिश माझ्या हातात कोंबली, आणि मी एका हातानं एक ओळ खरडली. प्रीप्रोसेसर म्हणून आम्हा लोकांची एक सोय असते. आपण थोडक्यात लिहायचं, तो त्याची लांबलचक फाइल बनवून देतो. त्यात एक हुकूम आहे, एक्स्टेंड. ‘बेपत्ता’ला ‘दिवंगत’सारखं धर, म्हणून मी सांगितलं. म्हटलं, ‘दिवंगत’चा करडा रंग ‘बेपत्ता’ला लागेल, झालं काम. फाइल सेव्ह केली आणि उपीट खाल्लं. पडद्याकडे बघायला सवड कुणाला होती!

पुढच्या रांगेत अक्काआजी येऊन बसल्या होत्या. आमच्या घराण्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ सून. लग्न होऊन आल्या आणि वर्षाच्या आत नवरा विषमज्वरानं गेला. तेव्हापासून पांढरं कपाळ आणि फिकी लुगडी. मी त्यांना नमस्कार केला तेव्हा त्यांनी पडद्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

“ते लाल लाल काय टाकलंयस गं?”

“कुंकू, आजी. सवाष्णींच्या नावापुढे.”

“बरं बरं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदर सारखा केला.

आता नलूकाकूंबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशी जे पणाला लागलं ते त्यांचं होतं. नवरा गेला कुठे, आहे की नाही, काही ठाऊक नाही, आणि ही बाई सासरी दिराजावेच्या घरात राहून बालवाडी चालवते, सासूचं म्हातारपण काढते, दर वटपौर्णिमेला वडाला दोरे गुंडाळते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. गल्लीतल्या बायकांची पंचाईत व्हायची. हळदीकुंकवाला बोलवावं का बोलवू नये? काही बोलवायच्या, काही विसरल्यासारखं करायच्या. नलूकाकू बोलावलं तर जायच्या, नाही बोलावलं तर बालवाडीतल्या पोरांसाठी कागदाची फुलं करत बसायच्या. तक्रार कधी ऐकली नाही मी. पण त्यांचं कुंकू म्हणजे त्यांचा नवरा जिवंत असल्याची एकुलती एक साक्ष होती, आणि ती त्यांनी रोज सकाळी स्वतःच्या बोटानं काढलेली होती.

संमेलनाची सुरुवात घराण्याच्या पाच शाखांमधल्या पाच सवाष्णींची ओटी भरून होणार होती. आमच्या शाखेतून नलूकाकूंना बसवायचं असा हट्ट बापूकाकांनीच धरला होता. समितीत कुजबुज झाली. “अहो, उगाच शंकेला जागा कशाला?” असं कुणी म्हणालं, तर बापूकाका टेबलावर हात आपटून म्हणाले होते, “नलू सवाष्ण आहे. ज्याला शंका असेल त्यानं माझ्यासमोर बोलावं!” कोण बोलणार? बापूकाकांचा दराराच तसा होता.

तर पाचजणी मंचावर खुर्च्यांवर बसल्या. नलूकाकू शेवटच्या खुर्चीवर. हिरवीगार साडी, नाकात नथ. इतकी नटलेली मी त्यांना कधीच बघितली नव्हती. त्यांच्या पाठीमागे पडदा. ओटी भरायला बापूकाकांच्या बायको मालूकाकू, हातात हळदीकुंकवाचं ताट. बापूकाका माइकवर एकेका शाखेचं नाव घेणार, मालूकाकू त्या शाखेच्या सवाष्णीला कुंकू लावून ओटी भरणार, आणि मी मागे तीच शाखा पडद्यावर आणणार, असा सगळा बेत होता.

पहिल्या चार शाखा झकास पार पडल्या. लोक आपापली नावं शोधत होते, बोटं दाखवत होते. “अहो, तुमचा फोटो लग्नातला टाकलाय, आता ओळखू तरी येता का?” म्हणून चेष्टा चालली होती. टाळ्या पडत होत्या.

“आणि आता शाखा पाचवी, सांगलीकर हेदुळकर,” बापूकाकांनी पुकारलं. मी पाचवी शाखा वर आणली आणि मान वर करून बघितलं.

मुकुंदकाकांचा फोटो करडा झाला होता, पण त्याला झेंडूचा भला मोठा हारही पडला होता. आणि शेजारी ‘नलिनी मुकुंद हेदुळकर’ या नावापुढची जागा कोरी होती.

सभागृहातली कुजबुज विरत गेली. मागून एक बाई “अगंबाई!” म्हणाल्या आणि तोंडावर हात ठेवून बसल्या.

नलूकाकूंना काहीच कळलं नव्हतं. त्यांची पाठ पडद्याकडे होती. त्यांनी ओटीसाठी पदर पसरला होता आणि कपाळ पुढे केलं होतं, हसऱ्या चेहऱ्यानं. मालूकाकूंनी कुंकवात बोट बुडवलं, हात वर नेला, आणि त्यांचं लक्ष पडद्याकडे गेलं. हात तिथेच थांबला. कपाळापासून वीतभर अंतरावर ते लाल बोट तसंच हवेत. इतकी वर्षं एका घरात राहिलेली जाऊ, एका ताटातलं लोणचं वाटून खाणारी, पण हात पुढे जाईना.

“काय झालं वहिनी?” नलूकाकूंनी विचारलं. मग समोरच्या माणसांचे चेहरे बघितले. मग हळूच मागे वळून पडद्याकडे बघितलं.

एव्हाना मला चूक कळली होती, कारण ती फायलीत नव्हती, माझ्या समजुतीत होती. एक्स्टेंड एका नियमापुरतं थांबतच नाही. ‘दिवंगत’ हा शब्द फायलीत जिथे जिथे येतो, एकटा असो की दुसऱ्या चिठ्ठ्यांना जोडलेला असो, तिथे तिथे प्रीप्रोसेसर ‘बेपत्ता’लाही शेजारी नेऊन बसवतो. हाराच्या नियमात बसवलं. ‘पुरुष आणि दिवंगत, आणि त्याला लागून पत्नी’ या जोडणीतही इमानेइतबारे बसवलं. मी त्याला फोटो करडा करायला सांगितलं नव्हतंच. एका माणसाला दुसऱ्यासारखा धर म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानं शब्दाला जागून पूर्ण धरलं. आज माझ्या हाताखालच्या मुलांनी एक्स्टेंड वापरलेलं दिसलं की मी अंगावर धावून जाते. मॅडमना कशाचा एवढा राग, म्हणून ती पोरं हसतात.

“चुकलं!” मी ओरडले. “माझं चुकलं, थांबा, आत्ता नीट करते...”

पण बापूकाका मंचावरून खाली उतरून माझ्याकडे येत होते. चेहरा पांढराफटक. माइक हातातच होता, सुरू. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, अगदी हळू, पण ते सगळ्या हॉलभर घुमलं.

“केतू, तुला कुणी सांगितलं?”

“काय काका?”

“मुकुंदा गेल्याचं. मी तर कुणालाच... मालूलासुद्धा बोललो नव्हतो.”

आपला आवाज आपल्याच कानावर आला तेव्हा बापूकाकांनी हातातल्या माइककडे बघितलं. बटण शोधायला गेले, पण ते काही सापडेना. मीच तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि बंद केला. पण आता काय उपयोग?

नलूकाकू उठल्या. ओटीसाठी पसरलेला पदर तसाच सुटला.

“भाऊजी, काय म्हणालात?”

“काही नाही नलू, तू बस...”

“काय म्हणालात भाऊजी?”

बापूकाका मंचाच्या पायरीवर मटकन बसले. थांबत थांबत त्यांनी सांगितलं. नर्मदेकाठच्या एका धर्मशाळेतून त्यांच्या दुकानावर फोन आला होता. खिशात पत्ता सापडला म्हणून. ते इंदूरला माल बघायला जातो म्हणून घरात सांगून गेले. मुकुंदकाकाच होते. न्यूमोनियानं गेले होते, दाढी छातीपर्यंत वाढलेली.

“कधी?” नलूकाकूंनी विचारलं.

“आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. मी तेव्हा दहावीत होते. आता नोकरीला लागून जुनी झाले होते.

“अग्नी कुणी दिला?”

“मी दिला. तिथंच, घाटावर.”

“आणि दिवस?”

“तिथंच उरकले. घरी कुठं करणार होतो? डॉक्टर म्हणाले होते, आईला धक्का सोसणार नाही. म्हटलं, आईचं होऊ दे, मग सांगू. आई गेली. मग म्हटलं, एवढ्यात नको. मग धीरच होईना गं.”

मालूकाकू ताट घेऊन एक पाऊल पुढे आल्या. “अहो,” त्या म्हणाल्या, “मलाही नाही सांगितलंत?” पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. नलूकाकूंना काहीतरी आठवत होतं. त्यांचे डोळे बापूकाकांवर होते, पण त्या भलतंच काही बघत होत्या.

“दर सर्वपित्रीला तुम्ही एक पान जास्त मांडायला लावायचात. वाट चुकलेल्या कुणाही जिवासाठी म्हणून. मी म्हणायचे, भाऊजींचं मन किती मोठं.”

बापूकाकांनी मान खाली घातली.

“ते ह्यांचं होतं?”

त्यांनी खाली बघतच मान डोलावली.

“मी वाढायचे ते पान,” नलूकाकू म्हणाल्या. “माझ्या हातानं खीर वाढायचे मी त्यावर. कपाळाला कुंकू लावून ह्यांचं श्राद्ध वाढायचे. आणि वटपौर्णिमेला तुम्ही मला स्कूटरवरून वडापर्यंत सोडायचात. दोऱ्याचं रीळ तुम्ही आणून द्यायचात भाऊजी!”

हॉलमध्ये कुणीतरी हुंदका दिला. मला वाटलं त्या आता कोसळतील, पण त्यांनी नथ काढून खुर्चीवर ठेवली आणि सरळ मंचामागच्या दारानं निघाल्या. “मला आंघोळ केली पाहिजे,” एवढंच बोलल्या. मागच्या चौकात भांडी घासायचा नळ होता. बादली भरल्याचा आवाज आला. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, एकदा, परत एकदा, परत. कुणी जागचं हललं नाही. आत जाऊन त्यांना धरावं असं माझ्यासकट एकाही बाईला सुचलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तेवढ्या वेळात मी मला येत होतं तेच केलं. ती एक ओळ खोडली. हार गेला, फोटो रंगीत झाला, नावापुढे कुंकू परत आलं. चूक दुरुस्त झाली म्हणून क्षणभर जीव भांड्यात पडला. किती मूर्ख असतं माणूस!

नलूकाकू परत आल्या त्या हिरव्या साडीतच, नखशिखांत ओल्या. कपाळावरचं कुंकू धुऊन गेलं होतं, नाकाच्या शेंड्यावर थोडी लाली राहिली होती. मंचावर येऊन त्यांनी पडद्याकडे बघितलं.

“हे काय केलंस केतू?”

“चूक सुधारली काकू.”

“चूक कुठली? माणूस गेला ना? मग गेलेल्याला हार घाल परत. एवढी वर्षं बिनहाराचा राहिला बिचारा.”

मी मुकुंदकाकांची ‘बेपत्ता’ चिठ्ठी काढली आणि ‘दिवंगत’ लावली, कायमची. हार आला. आणि अर्थातच कुंकू परत गेलं. मला मान वर करायची लाज वाटली.

“ते का गेलं?” त्यांनी विचारलं.

“हार घातला की ते जातंच काकू.”

“जातंच म्हणजे? कोण नेतं?”

“नियम आहे तसा.”

“कुणाचा?”

“समितीनं सांगितला. लिहिला मी.” मी त्यांना नियम सांगितला, जसाच्या तसा. पुरुष असेल, दिवंगत असेल, तर त्याला लागून असलेल्या पत्नीचं कुंकू काढ.

त्यांनी तो नीट ऐकून घेतला. बालवाडीतल्या पोराचं ऐकावं तसा.

“आणि बायको दिवंगत झाली, तर नवऱ्याच्या नावाचं काय काढतेस?”

“काही नाही.”

“तसा नियम नाही लिहिलास?”

“कुणी सांगितला नाही,” मी म्हटलं. खरं म्हणजे माझ्याही डोक्यात आला नव्हता.

नलूकाकू बापूकाकांकडे वळल्या. “का लपवलंत भाऊजी? सासूबाईंचं समजलं मला. पण त्या गेल्यावर का?”

“तुझं कपाळ, नलू,” बापूकाका रडत होते. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. “मी तोंड उघडलं असतं की दुसऱ्या दिवशी हे सगळं बंद झालं असतं तुझं. ओटी, हळदीकुंकू, हिरवी साडी. कुणी बोलावलं नसतं तुला. माझ्या तोंडानं तुझं कुंकू कसं पुसू मी?”

“म्हणजे ह्यासाठी,” नलूकाकू म्हणाल्या. “एवढ्याशासाठी तुम्ही मला माझ्या माणसाचं मरणसुद्धा कळू दिलं नाहीत. मी रडले नाही त्यांच्यासाठी. येतील म्हणून दाढीचं सामान धुऊनपुसून ठेवत राहिले.”

मग त्या मालूकाकूंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मालूकाकूंच्या बोटाचं कुंकू वाळून गेलं होतं. नलूकाकूंनी ताटात स्वतः बोट बुडवलं आणि ओल्या कपाळावर टेकवलं. ओघळ आला, तो पुसला नाही.

हॉलमध्ये एकच खळबळ उडाली. मागून एक गृहस्थ उठले, “अहो, हे रीतीला धरून नाही...” नलूकाकूंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“परकरी पोर होते तेव्हापासून लावते मी हे,” त्या म्हणाल्या. “ह्यांची ओळखसुद्धा नव्हती तेव्हा. केतू, तो नियम काढ.”

“आपल्या शाखेपुरता काढू का?”

“तसा काढता येतो?”

“येतो. पण अवघड आहे. सगळ्यांचा काढणं सोपं आहे, एकच ओळ आहे ती.”

“मग सोपं ते कर.”

“ठराव लागेल!” मागचे गृहस्थ ओरडले. “समितीचा ठराव झाल्याशिवाय कुणीही कशाला हात लावायचा नाही!”

मी बापूकाकांकडे बघितलं. पायरीवर बसलेल्या त्या माणसाच्या छातीवर अध्यक्षाचा बिल्ला होता, रेशमी फीत लावलेला. त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

“अध्यक्ष म्हणून सांगतो,” ते म्हणाले. “काढ पोरी. मला हे तेव्हाच सांगता आलं असतं तर...”

मी ओळ खोडली आणि सेव्ह केलं.

सगळ्यांचा नियम जातोय हे मीच बोलले होते, पण डोळ्यांसमोर फक्त नलूकाकूंचं कुंकू होतं. एक ओळ किती दूर पोचते ते आत्ताच अंगावर शेकलेलं असूनही मला पुढचं सुचलं नव्हतं. पडदा एकदा लुकलुकला. पाचव्या शाखेत नलूकाकूंच्या नावापुढे लाल ठिपका उमटला. त्यांच्या वर सासूबाईंच्या नावापुढे उमटला. त्यांच्या चुलत सासवांच्या पुढे उमटला. मी घाबरून वर वर सरकवत गेले. चौथी शाखा, तिसरी, दुसरी. ज्यांना मी फक्त नावानं ओळखत होते त्या बायका, ज्यांचे फोटोसुद्धा मिळाले नव्हते त्या बायका, ज्यांच्या नावापुढे कोरं होतं अशा सगळ्या हेदुळकरणी, पिढ्यान्‌पिढ्यांच्या, एकाच वेळी कुंकू लावून समोर उभ्या. इतक्या होत्या? इतक्या जणींचं मी एका ओळीनं पुसलं होतं आणि वर वडापाव खाल्ला होता?

ओरडणारे गृहस्थ खाली बसले. पडद्यावर त्यांची आई होती.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून एक बारीक आवाज आला.

“केतू, मलापण आलं का गं?”

अक्काआजी. दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून त्या उठायच्या खटपटीत होत्या. नलूकाकू तशाच ओल्या साडीनं खाली उतरल्या आणि त्यांना हात दिला. मी वंशवृक्ष सरकवत अक्काआजींच्या नावापाशी आणला.

“आलं आजी. हे बघा, इथे.”

अक्काआजी नलूकाकूंच्या आधारानं पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या पांढऱ्या कपाळावर पडला. आपलं नाव त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि नावापुढे बोट ठेवलं. मग माझ्याकडे वळल्या.

“मला नीट दिसत नाही गं,” त्या म्हणाल्या. “जरा मोठं कर.”